पाच तारे

पहिल्या दिवशी खरंच दीडशे रुपये आले.
हे आधी सांगते, कारण मावशीने, बँकेतल्या बाईंनी,
सगळ्यांनी तेच विचारलं: तुला संशय कसा नाही आला?
दीडशे रुपये आले होते.
शंभराचा रिचार्ज मारला, पन्नासाचे बांगडे आणले
आणि आईला म्हटलं, माझ्या कमाईचे.

काम असं: हॉटेलाचं नाव यायचं,
नकाशावर ते शोधून पाच तारे द्यायचे,
मिस काव्यांनी पाठवलेलं वाक्य खाली चिकटवायचं,
स्क्रीनशॉट धाडायचा.
एका हॉटेलाचे पन्नास.
बी.कॉम. होऊन दोन वर्षं मडगावात अर्ज वाटले,
कुणी उलटून फोन केला नव्हता.
मिस काव्या अर्ध्या मिनिटात म्हणायच्या, वेल डन डिअर.

केप्याला आमच्याकडे रेंज फक्त
न्हाणीमागच्या दगडावर मिळते.
त्या दगडावर बसून मी देशभर उतरले:
उदयपूरला तळ्यासमोर, मुन्नारला धुक्यात,
शिमल्याचा हीटर तर 'अतिशय उबदार' होता.
पायाला डास चावत होते.

एकोणिसावं नाव आलं केळशीचं.
तेच हॉटेल, जिथे बारा वर्षं
बाबा लाँड्रीत उभे आहेत.
मी ते आतून पाहिलेलं नाही.
एकदा विसरलेला डबा द्यायला गेले होते,
मागच्या फाटकाशी वाफेचा वास होता
आणि वॉचमनने मला वरपासून खालपर्यंत बघून
विचारलं होतं, कुणाची गो तू?
पाच तारे दिले. वाक्य चिकटवलं:
'टॉवेल दुधासारखे पांढरे. पुन्हा नक्की येऊ.'
पन्नास रुपये.

मग काम बदललं. आधी भरायचे, नंतर मिळायचे.
हजाराचे तेराशे झाले, हातात आले.
पाच हजारांचे साडेसहा झाले, पण पडद्यावरच.
ते काढायला अठरा भरा.
अठरा काढायला बेचाळीस भरा, कारण माझ्या एका चुकीमुळे
अख्ख्या गटाचे पैसे अडकलेत, म्हणे.
गटात बावीस जण. भार्गवी, सुहेल, नंदा टीचर.
ताई भरा ना, उद्या मुलाचं ऑपरेशन आहे.
मला त्या मुलाची खरोखर काळजी वाटली.

रात्री दीड वाजता ध्यानात आलं,
इंग्रजीतला 'रिसीव्ह' हा शब्द
बावीसही जण चुकीचा लिहितात,
एकाच अक्षरावर चुकतात.
बावीस माणसं, एक अंगठा.
तोवर आईची भिशी गेली होती,
आणि माझ्या कुड्यांवर सोसायटीने दिलेले.

पोलीस स्टेशनात शिपायाने फॉर्म भरला.
व्यवसाय?
मी गप्प. त्याने आपणच लिहिलं, 'घरी'.
मग पेनाचं टोपण लावत हळूच म्हणाला,
माझ्या बायकोचे नऊ हजार.

बाबांना सांगितलं तेव्हा
ते हातांना खोबरेल चोळत होते,
ब्लीचने बोटांच्या पेरांना चिरा पडतात.
आकडा ऐकला. ओठ हलले,
किती महिन्यांचा पगार ते मोजत असावेत.
आई चुलीकडून उठलीच नाही.
मग त्यांनी विचारलं,
आमच्या हॉटेलाचंपण लिहिलंस?
हो.
तुवाल्यांचं काय लिहिलंस?
मी वाक्य वाचून दाखवलं.
त्यांनी तेलाची बाटली बंद केली,
ती कोनाड्यात नेऊन ठेवली, परत येऊन बसले.
'तितलें खरें,' म्हणाले.

पहाटे ते पहिल्या बसला गेले.
मी दगडावर जाऊन
एकेक हॉटेल पुसत बसले,
तळं, धुकं, हीटर.
पैसे यामुळे येणार नाहीत, ठाऊक आहे.
केळशीचं राहू दिलं.
फक्त एक तारा काढून घेतला,
तो वॉचमनचा.